कराटेंतील काता आणि त्याचा अर्थ

कराटे ह्या युद्धविद्येचा उगम ज्या ओकिनावा बेटावर झाला, तेथें ही विद्या फार काळ पुस्तकांत लिहिली गेली नाहीं. ती शरीरांत लिहिली गेली. गुरूनें कांहीं हालचालींचा एक ठराविक क्रम शिष्यास शिकवावा, शिष्यानें तो वर्षानुवर्षें घोटावा, आणि पुढें आपल्या शिष्यास तसाच्या तसा द्यावा, अशी ती परंपरा होती. ह्या ठराविक क्रमास जपानी भाषेंत ‘काता’ म्हणतात. काता करतांना समोर प्रतिस्पर्धी नसतो. एकटाच माणूस हात उचलतो, खालीं आणतो, वळतो, पाऊल टाकतो, ठोसा मारतो, आणि शेवटीं अभिवादन करून थांबतो. पाहणाऱ्यास प्रश्न पडतो कीं, हा हात कोणासाठीं वर गेला आणि हें पाऊल कोणाला चुकविण्यासाठीं वळलें? आश्चर्य असें कीं, हाच प्रश्न काता करणाऱ्या पुष्कळ जणांसहि पडलेला असतो, आणि त्याचें समाधानकारक उत्तर त्यांना कोणी दिलेलें नसतें.

ज्या घरांत संस्कृतच्या पठणाची परंपरा आहे, त्यांस ही अडचण नवी वाटणार नाहीं. लहानपणीं संथा घेऊन पाठ केलेलें स्तोत्र जन्मभर जिभेवर राहतें. परंतु पदच्छेद आणि अन्वय केल्यावांचून त्याचा अर्थ हातीं लागत नाहीं. यास्काचार्यांच्या निरुक्तांत वेद पढून त्याचा अर्थ न जाणणाऱ्यास ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. काताच्या बाबतींत ह्याच पदच्छेदास जपानी भाषेंत ‘बुंकाई’ असा शब्द आहे. बुंकाई म्हणजे एखादी वस्तु सुटी सुटी करून पाहणें. आणि अशा रीतीनें सुटी केलेली हालचाल प्रत्यक्ष प्रसंगीं लागू करणें ह्यास ‘ओयो’ म्हणतात. पाठांतर, पदच्छेद आणि विनियोग अशा ह्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी चढून तेथेंच बसून राहणें हा आजच्या बहुतेक वर्गांचा दोष आहे.

हा अर्थ कोठें व कसा हरवला, हें समजण्यासाठीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १८७९ सालीं जपाननें र्‍युक्यूचें राज्य खालसा करून ओकिनावा हा आपला एक प्रांत केला. तोंपर्यंत ही विद्या शुरी ह्या राजधानींत व नाहा ह्या बंदरांत मोजक्या लोकांकडे असे आणि ती खासगी रीतीनें शिकविली जात असे. गुरूसमोर एक-दोनच शिष्य असत. त्यामुळें हालचाल आणि तिचा उपयोग हीं दोन्ही एकाच वेळीं हातांत उतरत. शुरीचे प्रसिद्ध गुरु इतोसु आंको ह्यांनीं १९०१ सालीं ही विद्या प्राथमिक शाळेंत नेली. जुने काता लहान मुलांस झेपत नाहींत असें पाहून त्यांनीं पांच सुटसुटीत काता बसविले. ते ‘पिनान’ ह्या नांवानें ओळखले जातात. येथें शिक्षणाची पद्धतच बदलली. एका शिक्षकापुढें मुलांची मोठी रांग उभी राहिली, आणि एक, दोन, तीन अशा आकड्यांवर कवाइतीसारखा काता होऊं लागला. मुलांच्या हातीं सांधा निखळविण्याची युक्ति देणें कोणासहि शहाणपणाचें वाटलें नसतें. तेव्हां हालचाल ठेवावी, पण तिचा खरा उपयोग न सांगतां ‘हा वरचा मार अडविला, हा खालचा मार अडविला’ एवढेंच सांगावें, हें त्या परिस्थितींत साहजिकच होतें.

परंतु ह्यावरून इतोसुंनाच अर्थाची पर्वा नव्हती असा निष्कर्ष काढणें मोठा अन्याय होईल. १९०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं दहा कलमांचें एक पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, ही विद्या एका प्रतिस्पर्ध्याशीं सामना करण्यासाठीं नसून चोर किंवा दांडगट मनुष्य अंगावर आल्यास होतां होईल तों इजा टाळून सुटण्यासाठीं आहे. सहाव्या कलमांत तर त्यांनीं असा आग्रह धरला आहे कीं, प्रत्येक हालचालीचा हेतु विचारून घ्यावा, ती कोणत्या प्रसंगीं वापरावयाची हें निश्चित करावें, आणि मगच तिचा अभ्यास करावा. आंत शिरणें, मार झेलणें, पकड सोडविणें आणि प्रतिस्पर्ध्यास धरणें ह्यांच्या रीति आहेत, व त्यांतील बराचसा भाग केवळ मुखपरंपरेनें चालत आलेला आहे, असेंहि ते तेथेंच नमूद करतात. ज्या गुरूनें काता शाळेंत नेला, त्यानेंच अर्थाविषयीं इतकी सावधगिरीची सूचना देऊन ठेवावी, ही गोष्ट फार बोलकी आहे. मुखपरंपरेचें सूत्र एकदां तुटलें म्हणजे काय होतें, हें त्यांस दिसत असावें.

पुढें १९२२ सालीं इतोसुंचे शिष्य फुनाकोशी गिचिन ह्यांनीं टोकियोंत ह्या विद्येचें प्रदर्शन केलें आणि तेथून ती जपानच्या विश्वविद्यालयांत पसरली. तरुण विद्यार्थ्यांस चुरस हवी होती. त्यामुळें दोघांनीं दूर उभें राहून एकमेकांवर लांबून झेप घेण्याचा सराव वाढला. १९४५ नंतर ओकिनावांत आलेल्या अमेरिकन सैनिकांनीं ही विद्या थोड्या मुदतींत शिकून आपल्या देशीं नेली. प्रत्येक मुक्कामावर काता पोहोंचला, परंतु त्याच्या सामानांतील अर्थाचें गाठोडें थोडें थोडें मागें राहत गेलें.

ह्या बाबतींत कराटे आणि जुदो ह्यांची तुलना उद्बोधक आहे. जुदोचे संस्थापक कानो जिगोरो ह्यांच्या पद्धतींतहि काता आहेत; परंतु ते दोघांनीं मिळून करावयाचे असतात. ‘नागे-नो-काता’ ह्या त्यांच्या प्रकारांत फेकींचे पांच गट असून प्रत्येक गटांत तीन, अशा एकंदर पंधरा फेकी आहेत. तेथें फेकणारा व फेकला जाणारा असे दोघेहि डोळ्यांसमोर असल्यामुळें हालचालीच्या अर्थाविषयीं वाद उरत नाहीं. जुदोचा काता आपलें भाष्य आपल्याबरोबर बाळगतो. कराटेचा काता मात्र सूत्रासारखा आहे. त्यांतील दुसरा माणूस अदृश्य आहे, आणि तो कोठें उभा आहे, त्यानें काय धरलें आहे, हें ठरविल्यावांचून एकाहि हालचालीचा उलगडा होत नाहीं.

आतां कांहीं उदाहरणें घेऊन पाहूं. कराटेच्या प्रत्येक वर्गांत पहिल्याच आठवड्यांत शिकविली जाणारी एक हालचाल म्हणजे ‘गेदान-बाराई’. तींत एक हात प्रथम विरुद्ध बाजूच्या कानाजवळ जातो, दुसरा हात पुढें पसरलेला असतो. मग पहिला हात तिरपा खालीं झाडला जातो आणि पसरलेला हात मागें ओढून कमरेशीं मुठींत ठेवला जातो. ह्याचा नेहमींचा अर्थ असा सांगतात कीं, समोरच्यानें पोटावर लाथ मारली व ती हातानें बाजूस झाडली. परंतु ह्या अर्थानें हालचालीचा अर्धाच भाग उलगडतो. हात कानाजवळ नेण्यांत जो वेळ जातो तेवढ्यांत लाथ पोटांत बसून जाईल. शिवाय नडगीच्या जाड हाडावर हाताचीं बारीक हाडें आपटणें हा फायद्याचा व्यवहार नव्हे. आणि पुढें पसरलेल्या हाताचें काय? तो तेथें कशासाठीं गेला होता आणि मुठींत काय घेऊन परत आला?

हीच हालचाल जवळून पाहावी. दांडगटानें मनगट किंवा सदऱ्याची बाही धरली आहे अशी कल्पना करावी. पसरलेला हात त्याचेंच मनगट पकडतो आणि पिळीत कमरेकडे ओढतो. त्यामुळें त्याचा हात ताठ होऊन अंग पुढें झुकतें. कानाजवळ गेलेला हात आतां त्याच्या कोंपराच्या वर तिरपा उतरतो आणि त्यास खालीं दाबतो. लगेच काताची पुढची हालचाल, म्हणजे एक पाऊल पुढें व ठोसा, ही आपोआप अर्थपूर्ण होते, कारण प्रतिस्पर्धी आतां वांकलेला व धरलेला आहे. हालचाल तीच, क्रम तोच. बदललें आहे तें केवळ अदृश्य माणसाचें स्थान.

कमरेशीं ओढल्या जाणाऱ्या ह्या हातास ‘हिकिते’ म्हणजे ओढणारा हात असें नांव आहे, आणि काताच्या अर्थाची अर्धी किल्ली ह्या एका शब्दांत आहे. मुष्टियुद्ध पाहिलेल्या कोणासहि अशी शंका येईल कीं, रिकामा हात तोंडाच्या रक्षणास ठेवावयाचें सोडून कमरेशीं कशाला न्यावा? ठोशास जोर येतो म्हणून, असें उत्तर बहुधा मिळतें. मुष्टियोद्धे हात कमरेशीं न नेतांहि पुरेसा जोर काढतात, हें त्या उत्तराचें खंडन आहे. खरें उत्तर असें कीं, तो हात रिकामा नाहींच. फुनाकोशींनीं १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कराटे-दो क्योहान’ ह्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, ह्या हातानें प्रतिस्पर्ध्याचा हात पकडून पिळीत आपल्याकडे ओढावयाचा असतो, म्हणजे त्याचा तोल जातो. ह्याच ग्रंथांत त्यांनीं फेकींचेंहि विवेचन केलें आहे. कराटे म्हणजे केवळ ठोसे आणि लाथा, ही समजूत त्यावरून किती अपुरी आहे तें दिसून येतें.

शब्दांनीं होणारा घोटाळाहि येथेंच सांगितला पाहिजे. ज्या हालचालींस आपल्याकडे ‘अडविणें’ म्हणून शिकवितात, त्यांच्या मूळ नांवांत ‘उके’ हा शब्द असतो. तो ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ घेणें, झेलणें, स्वीकारणें असा आहे. अडविणारा मनुष्य भिंतीसारखा उभा राहतो. झेलणारा मनुष्य आलेली वस्तु हातीं घेऊन तिचें पुढें कांहीं तरी करतो. एका शब्दाच्या ढिसाळ भाषांतरानें सगळी विद्या किती निष्क्रिय होऊन बसते, ह्याचा हा नमुना आहे.

दुसरा घोटाळा दिशांचा. कातांत करणारा डावीकडे वळतो, मग पूर्ण मागें वळतो, मग पुन्हां काटकोनांत वळतो. ह्याचा भाबडा अर्थ असा केला जातो कीं, चारी दिशांनीं शत्रू येत आहेत आणि तो एकेकास परतवीत आहे. मग ते शत्रू आपली पाळी येईपर्यंत शांतपणें वाट पाहत उभे असतात, असें मानावें लागतें. इतोसुंचे दुसरे शिष्य माबुनी केन्वा ह्यांनीं १९३८ सालच्या आपल्या पुस्तकांत ह्या समजुतीचें निरसन केलें आहे. वळणें ह्याचा अर्थ त्या दिशेनें नवा शत्रू आला असा नसून, समोरच्याच शत्रूच्या माराच्या रेषेंतून आपण त्या कोनांत बाजूस झालों, असा आहे. कांहीं ठिकाणीं तर मोठें वळण म्हणजे धरलेल्या माणसास कमरेच्या फिरकीनें खालीं पाडणें होय. एवढें ध्यानांत आलें कीं, चार शत्रूंच्या ठिकाणीं एकच शत्रू उरतो, आणि काता हा नाटकी प्रसंग न राहतां व्यवहारांतला प्रसंग होतो.

तिसरें उदाहरण ‘नायहांची’ ह्या काताचें. तो सरळ आडव्या रेषेंत, खेंकड्याप्रमाणें डावीकडे-उजवीकडे सरकत करावयाचा असतो. भिंतीस पाठ लावून किंवा शेताच्या अरुंद बांधावर उभें राहून लढण्यासाठीं तो रचला, अशी कथा सांगतात. ओकिनावाचे मोतोबु चोकी हे प्रत्यक्ष झुंजींसाठीं नांवाजलेले गुरु होते, आणि त्यांनीं ह्याच काताची सर्वांत अधिक उपासना केली. त्यांचें मत असें कीं, ह्या कातांतील पायांची व कमरेची ठेवण थोडी एका बाजूस वळविली म्हणजे तीच झुंजीची ठेवण होते. ह्या दृष्टीनें पाहिलें तर आडवी रेषा ही भिंतीची नव्हे. ती छातीला छाती भिडलेल्या दोन माणसांची आहे. एक हात मान किंवा दंड धरून ठेवतो, दुसरा कोंपरानें मारतो, आणि आडवें पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरून त्याचा तोल घालवितें.

मात्र येथें एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. अर्थ हरवलेला असला म्हणजे अर्थ रचणारेहि पुष्कळ निघतात. श्लोकाची ओढाताण करून त्यांतून हवें तें काढणारे टीकाकार आपल्यास अपरिचित नाहींत. काताचेहि तसे टीकाकार आहेत. कातांत उडी आली कीं, पायांवर फिरविलेली काठी ओलांडली, असें सांगितलें जातें. कोणी तर प्रत्येक बोटाच्या वळणांत गुप्त मर्मस्थान दाखवितात. म्हणून बुंकाई स्वीकारण्यापूर्वीं तिची परीक्षा घेतली पाहिजे, आणि ती परीक्षा साध्या व्यवहारबुद्धीनें घेतां येते.

पहिली कसोटी अंतराची. रस्त्यावरचा दांडगट सहा फुटांवरून शिस्तींत पाऊल टाकून ठोसा मारीत नाहीं. तो ढकलतो, गळपट्टी धरतो, हात पिरगळतो, आणि मग मारतो. जो अर्थ ह्या जवळच्या झटापटींत बसतो, तो इतोसुंच्या पहिल्या कलमाशीं जुळतो. दुसरी कसोटी दोन्ही हातांची. अर्थ लावतांना एक हात काम करतो आणि दुसरा शोभेपुरता राहतो असें झालें, तर अर्थ अपुरा समजावा. तिसरी कसोटी क्रमाची. पहिल्या हालचालीनंतर प्रतिस्पर्धी जेथें व जसा उरतो, तेथेंच पुढची हालचाल लागू पडली पाहिजे. अन्वय मध्येंच तुटतां कामा नये. चौथी कसोटी साधेपणाची. भीतीनें हातपाय कांपत असतां नाजुक बोटांची कलाकुसर चालत नाहीं; धरणें, ओढणें, ढकलणें, मारणें अशा ठळक क्रियाच टिकतात. पांचवी आणि सर्वांत कठोर कसोटी विरोधाची. जोडीदार पुतळ्यासारखा हात पुढें धरून उभा असेल तर कोणतीहि युक्ति यशस्वी होते. त्यास खरोखर घट्ट धरूं द्यावें, ओढूं द्यावें, त्याचा दुसरा हात मोकळा ठेवूं द्यावा, आणि मग काय उरतें तें पाहावें. जें उरेल तें आपलें, बाकीचें पाठांतर.

ही परीक्षा पायरीपायरीनें घ्यावयाची असते, हेंहि विसरतां येत नाहीं. कोंपराच्या, खांद्याच्या व मानेच्या सांध्यांशीं ज्या अर्थांचा संबंध येतो, ते आरंभीं अगदीं सावकाश करावेत; जोडीदारानें थाप मारतांच पकड सोडावी; वाढीच्या वयांतील मुलांच्या मानेशीं तर खेळ करूंच नये. इतोसुंनीं मुलांस सर्व अर्थ एकदम दिला नाहीं, ह्यांत शहाणपण होतें. चूक पुढच्यांची झाली. मुलें मोठीं झालीं, तरी अर्थ त्यांस दिला गेला नाहीं.

ह्या सगळ्याचें महत्त्व केवळ पंडिती नाहीं. काता आज स्पर्धेंत मानाचें स्थान मिळवून बसला आहे. २०२० चे म्हणून योजलेले ऑलिंपिक सामने २०२१ सालीं टोकियोंत झाले, तेव्हां कराटेचा त्यांत प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या काताचें सुवर्णपदक ओकिनावाच्याच किउना र्‍यो ह्यांनीं जिंकलें. त्या कौशल्याचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. डौल, वेग आणि स्थैर्य ह्यांचेंहि सौंदर्य असतें. जागतिक स्पर्धांत सांघिक काताच्या पदकांच्या लढतींत बुंकाई करून दाखविण्याचा प्रघातहि पडला. परंतु प्रेक्षकांच्या नजरेसाठीं रचलेली बुंकाई ही पुष्कळदां उड्या व गिरक्या ह्यांचें प्रदर्शन होऊन बसते. डौलदार काता करणाऱ्यास आपण सुरक्षित आहों असें वाटूं लागणें, ही खरी भीतीची गोष्ट आहे. महाराष्ट्रांतील शहरांत आज अनेक आईबाप मुलींना कराटेच्या वर्गास पाठवितात, तें तिला एखाद्या वाईट प्रसंगीं स्वतःला सोडवून घेतां यावें म्हणून. ती मुलगी पांच वर्षें हवेंत हात झाडून, पट्ट्यामागून पट्टा मिळवून घरीं येत असेल, आणि कोणी मनगट धरल्यास त्याच हालचालीनें तें कसें सोडवावयाचें हें तिला एकदांहि करून पाहावयास मिळालें नसेल, तर तिला दिलेला आत्मविश्वास हा खोटें नाणें आहे. खोटें नाणें घरांत असेपर्यंत खपतें; बाजारांत नेलें म्हणजे फजिती होते.

म्हणून वर्गाची निवड करतांना आईबापांनीं पट्ट्यांचा रंग आणि भिंतीवरचीं पदकें पाहण्यापूर्वीं शिक्षकास एवढेंच विचारावें: ‘ही हालचाल कोणत्या प्रसंगासाठीं आहे, आणि ती जोडीदारावर करून दाखवाल काय?’ चांगला शिक्षक ह्या प्रश्नानें रागावत नाहीं, तो आनंदतो. एकाच हालचालीचे दोन-तीन अर्थ तो दाखवील, कोणता केव्हां चालत नाहीं तेंहि सांगेल, आणि पळून जाण्याची वाट मोकळी असेल तर प्रथम ती धरावी, असें बजावील. जो शिक्षक ‘आधीं दहा वर्षें घोटा, मग आपोआप कळेल’ एवढेंच उत्तर देतो, त्याच्याजवळ बहुधा अर्थ नसतो. असतो तो केवळ पाठ.

काता टाकून द्यावा असा ह्याचा अर्थ मुळींच नाहीं. ज्या काळीं पुस्तकें नव्हतीं, चित्रें नव्हतीं, त्या काळच्या माणसांनीं आपल्या अनुभवाचें सार ज्या पेटींत भरून ठेवलें ती पेटी म्हणजे काता. ती पिढ्यान् पिढ्या न फोडतां इथवर आणणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु पेटी वाहून नेणें हें हमालाचें काम आहे. ती उघडून आंतील जिन्नस वापरणें हें वारसाचें. कराटे शिकणाऱ्यानें आपण ह्यांपैकीं कोण, हें एकदां स्वतःशीं ठरवावें, आणि मग पुढच्या वेळीं हात कमरेशीं ओढतांना, त्या मुठींत काय आहे तें पाहावें.